उजव्या खुर्चीची किंमत

२७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्यातून, छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेनं जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेच्या पहिल्या विमानांना हिरवा झेंडा दाखवला. त्या यादीत सिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबाद यांच्या जोडीला नांदेड–हैदराबाद हे नाव होतं. तासाभराच्या प्रवासाला साधारण अडीच हजार रुपये, विमान ट्रूजेट कंपनीचं एटीआर ७२. नांदेडच्या विमानतळाचं रूप २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी पालटलं होतं. देशोदेशीच्या शीख भाविकांना हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यापर्यंत थेट येता यावं, हा तेव्हाचा हेतू. नऊ वर्षांनी त्याच धावपट्टीवर व्यापाऱ्याला, रुग्णाला, सुट्टीवर गावी येणाऱ्या आयटीवाल्या मुलाला परवडेल असं तिकीट आलं. त्या दिवशीच्या भाषणांत आणि बातम्यांत सगळा भर प्रवाशावर होता, आणि ते स्वाभाविकच होतं.

कॉकपिटमध्ये उजव्या बाजूला बसणाऱ्या माणसाबद्दल मात्र कुणी बोललं नाही. डावी खुर्ची कॅप्टनची, उजवी सहवैमानिकाची, म्हणजे फर्स्ट ऑफिसरची. स्वस्त विमानसेवेत नोकरी मागणारा प्रत्येक नवा वैमानिक या उजव्या खुर्चीसाठी अर्ज करतो. मागची दोन दशकं प्रवाशाची खुर्ची स्वस्त होत गेली आणि उजवी खुर्ची महाग होत गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. लातूर-नांदेडसारख्या भागातल्या पालकांनी तो समजून घ्यायला हवा, कारण ‘बारावीनंतर पायलट’ असे फलक आता या शहरांतही दिसू लागले आहेत.

आधी अर्ज कसा असतो ते पाहू. अर्जात नाव-गाव-शिक्षण दोन ओळींत संपतं. पुढचे रकाने तासांचे. एकूण उड्डाण किती तास? त्यातले स्वतःच्या जबाबदारीवर, ‘पायलट इन कमांड’ म्हणून किती? दोन इंजिनांच्या विमानावर किती? रात्रीचे किती, केवळ उपकरणांच्या भरवशावर केलेले किती? कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, कधी मिळालं? इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत कधीपर्यंत? क्लास वन मेडिकल चालू आहे का? रेडिओवर बोलण्याचा परवाना आणि इंग्रजीच्या चाचणीची पातळी काय? आणि शेवटी निर्णायक प्रश्न: कुठल्या विमानाचं टाईप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, आहे? अर्ज स्वीकारला गेला, तर लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय आणि कौशल्याची चाचणी, सिम्युलेटरवरची परीक्षा आणि मुलाखत. या टप्प्यांत बुद्धीचा आणि हाताच्या सफाईचा कस लागतो, यात शंका नाही. पण त्या रकान्यांतला जवळजवळ प्रत्येक आकडा आधी पैसे मोजून मिळवावा लागतो.

सीपीएलसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमानुसार किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई कायदे आणि तांत्रिक विषय यांचे पेपर ७० टक्के गुणांनी सुटावे लागतात. पेपरला बसण्याआधी ‘कॉम्प्युटर नंबर’ हवा. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची पडताळणी लागते, म्हणजे इथल्या मुलांना लातूर विभागीय मंडळाची पायरी चढावी लागते. हा खर्च किरकोळ आहे. मोठा खर्च आहे तो २०० तासांचा. भारतात सीपीएल होईपर्यंत ४५ ते ६० लाख रुपये जातात. त्यानंतर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ चं टाईप रेटिंग, त्याचे आणखी दहा-वीस लाख. मोठ्या कंपन्यांचे ‘कॅडेट’ कार्यक्रम आहेत, त्यात पुढच्या नोकरीची सशर्त हमी मिळते, पण तिथे आकडा कोटीच्या आसपास जातो.

मधला आकडा धरू, ७० लाख. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावानं ७० लाखांसाठी तेराशे क्विंटलहून जास्त सोयाबीन विकावं लागेल. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर पाच एकरांच्या शेतकऱ्याचं तेहतीस वर्षांचं सगळं पीक त्यात जाईल, आणि यात बियाणं, खत, फवारणी, मजुरी काहीच वजा केलेलं नाही. शिवाय बाजारात हमीभाव मिळतोच असंही नाही, हे औसा-उदगीरच्या आडतीवर उभ्या राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. पगारदार माणसाचा हिशोबही फारसा वेगळा नाही. ७० लाखांचं कर्ज ११ टक्के व्याजानं दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता ९६ हजारांच्या पुढे जातो. शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही.

हे कर्ज मिळवणं हा आणखी वेगळा प्रकार. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात, आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. शहरात स्वतःच्या नावावर फ्लॅट किंवा प्लॉट असलेला बाप लागतो. वीस एकर कोरडवाहू असलेला शेतकरी बँकेच्या दारात भूमिहीन ठरतो. मग शेवटचा मार्ग उरतो तो विक्रीचा.

लातूरला हे सगळं विशेष खटकायला हवं, कारण या शहराची ओळखच वेगळ्या गणितावर उभी आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयातून सुरू झालेला ‘लातूर पॅटर्न’ काय सांगत होता? घरी पैसा नसला, बाप गुत्तेदार किंवा पुढारी नसला, तरी घोटून अभ्यास केला तर गुणांच्या यादीत नाव येतं आणि यादीतलं नाव दरवाजा उघडतं. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत या मार्गानं गेलेली सालदाराची, शिक्षकाची, कंडक्टरची मुलं आज डॉक्टर आहेत. त्या पॅटर्नमधल्या घोकंपट्टीवर टीका करावी तेवढी थोडी. २०२४ च्या नीट पेपरफुटी प्रकरणात तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा तर त्या व्यवस्थेचा काळा चेहराच दिसला. तरीही तिच्या गाभ्यात एक वचन होतं: सरकारी जागा आहेत, त्यांची फी परवडणारी आहे, आणि त्या गुणांवर मिळतात. वैमानिक होण्याच्या रस्त्यावर अशी जागाच नाही. प्रवेश परीक्षा आहे, पण तिच्या मागे सरकारी महाविद्यालयाची स्वस्त फी नाही.

जाता जाता एक गोष्ट. सीपीएलसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावं लागतं. ही अट सैल करण्याची चर्चा २०२५ मध्ये सुरू झाली. लातूर-नांदेडच्या शिकवणीच्या जगात अकरावीलाच मुलांचे दोन कळप होतात, आणि मोठा कळप नीटच्या दिशेनं, जीवशास्त्र घेऊन आणि गणित सोडून जातो. सोळाव्या वर्षी घेतलेल्या त्या निर्णयानं कॉकपिट बंद होतं याची कल्पना बहुतेकांना नसते. नंतर मुक्त विद्यालयातून गणिताचा पेपर देता येतो. तेवढी माहिती मिळवण्यासाठी मात्र कुणीतरी क्लासवाला पुन्हा फी घेतो.

स्वस्त विमानसेवेचं तंत्र समजून घेतलं की हे पैसे कुठे जातात ते कळतं. अमेरिकेत साउथवेस्टनं १९७१ मध्ये टेक्सासमधली शहरं जोडायला सुरुवात केली, युरोपात रायनएअरनं तेच सूत्र टोकाला नेलं, आणि भारतात कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३ मध्ये हे सूत्र घेऊन आली. एकाच प्रकारची विमानं, जमिनीवर कमीत कमी वेळ, फुकटचं जेवण नाही, आणि जो खर्च दुसऱ्याच्या खिशातून करता येईल तो त्याच्या खिशातून. यातली पहिली तीन कलमं प्रवाशाला दिसतात. चौथं दिसत नाही, आणि त्यातली मोठी रक्कम म्हणजे वैमानिकाचं प्रशिक्षण. साउथवेस्टमध्ये अनेक वर्षं अशी अट होती की ७३७ चं टाईप रेटिंग उमेदवारानं आधी स्वतःच्या पैशानं घेऊन यावं. रायनएअरमध्ये नवख्या सहवैमानिकानं रेटिंगचे पैसे भरणं ही रीतच झाली. भारतीय कंपन्यांनी हेच धडे गिरवले. कंपनीच्या ताळेबंदातून जो खर्च गेला, तो उमेदवाराच्या घरच्या ताळेबंदात आला.

पूर्वी सगळं छान होतं, असं म्हणण्यात अर्थ नाही. इंडियन एअरलाइन्सच्या काळातही उमेदवारानं लायसन्स स्वतःच काढून यायचं होतं, जागा मोजक्या होत्या आणि ओळखीपाळखीचा वाससुद्धा होता. पण आत गेल्यावर विमानाच्या प्रकाराचं प्रशिक्षण कंपनी देत असे. वैमानिक सौदामिनी देशमुख त्याच व्यवस्थेतल्या. १९८५ मध्ये कोलकाता ते सिलचर हे फक्त महिला कर्मचाऱ्यांचं उड्डाण त्यांच्या नेतृत्वाखाली झालं आणि पुढे त्या जेट विमानांच्या कॅप्टन झाल्या. आज भारतात वैमानिकांमध्ये महिलांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या तिप्पट. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. पण त्यात ग्रामीण मराठवाड्यातल्या मुली किती, असा प्रश्न विचारला की पुन्हा पैशाशीच येऊन थांबावं लागतं. मुलाच्या पायलटपणासाठी प्लॉट विकणारा बाप मुलीसाठीही विकेल का, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायची गरज नाही.

जुन्या पिढीतलं दुसरं नाव कॅप्टन दीपक साठे यांचं. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवर एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं विमान घसरलं आणि एकवीस माणसं गेली, त्यात दोन्ही वैमानिक होते. नागपूरच्या घरातले साठे एनडीएतून हवाई दलात गेले, तिथे विंग कमांडर झाले, मग नागरी वाहतुकीत आले. म्हणजे एका स्वस्त विमानसेवेच्या डाव्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला घडवलं होतं देशाच्या तिजोरीनं. त्या पिढीतले असे अनेक वैमानिक होते. प्रशिक्षणाचा खर्च समाजानं केला आणि फायदा पुढे खासगी-सरकारी दोन्ही कंपन्यांना मिळाला. हवाई दलाचा हा झरा आता पुरणार नाही, कारण मागणी फार वाढली आहे.

मागणीचा हा आकडाच जाहिरातींचा मुख्य आधार आहे. एअर इंडियानं फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानं मागवली, इंडिगोनं त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसमध्ये ५००, आकासानं जानेवारी २०२४ मध्ये आणखी १५०. पुढच्या दीड-दोन दशकांत तीस हजार वैमानिक लागतील, असं नागरी विमान वाहतूक मंत्री राम मोहन नायडू यांनी सांगितलं. लातूरच्या ट्यूशन एरियातला समुपदेशक हा आकडा पालकापुढे ठेवतो आणि पुढचं काम आकडाच करतो.

पण हा आकडा नीट उलगडून पाहायला हवा. कमतरता सर्वांत तीव्र आहे ती कॅप्टनची. दीड हजार तासांच्या अनुभवाशिवाय डाव्या खुर्चीचं लायसन्सच मिळत नाही, आणि तो अनुभव मिळतो उजव्या खुर्चीवर बसूनच. मागून येणारी रांग मात्र उजव्या खुर्चीसाठीची आहे. २०२३ मध्ये डीजीसीएनं १,६२२ सीपीएल दिली, त्याआधी एका वर्षात एवढी कधीच दिली नव्हती. परदेशातून दोनशे तास करून लायसन्स बदलून घेणारेही यात आहेत. विमानं कारखान्यातून उशिरा येतात, इंजिनांच्या बिघाडानं उभी राहतात, आणि लायसन्स हातात घेऊन बसलेला तरुण थांबतो. थांबणंही फुकट नसतं. क्लास वन मेडिकल बारा महिन्यांनी नवं करावं लागतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची परीक्षा दरवर्षी, आणि हात चालू राहावा म्हणून अधूनमधून पैसे भरून उडावं लागतं. नीटचा ‘रिपीटर’ एक वर्ष थांबला तर क्लासची आणि मेसची फी जाते. सीपीएलवाला थांबला तर त्याचं शिक्षणच जुनं होतं.

शिवाय अर्ज कधी करतो आहोत, हे उमेदवाराच्या हातात नसतं. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली तेव्हा तिच्या वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबली. गो फर्स्टनं मे २०२३ च्या सुरुवातीला दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रत्येक वेळी हजारो तासांचे अनुभवी वैमानिक एकाच दिवशी बाजारात आले आणि दोनशे तासांवाल्याचा अर्ज ढिगाच्या तळाशी गेला. नांदेडला हे अगदी जवळून दिसलं. ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली. नांदेडहून पुन्हा नियमित विमान उडालं ते मार्च २०२४ च्या अखेरीस, स्टार एअरचं. मधल्या काळात प्रवासी देवगिरी एक्स्प्रेसनं गेले, त्यांचं निभावलं. ट्रूजेटच्या एटीआरवर रेटिंग घेतलेल्या तरुण वैमानिकाचं तसं नव्हतं. एटीआरचं रेटिंग एअरबसवर चालत नाही आणि स्टार एअरच्या एम्ब्रेअरवरही चालत नाही. लाखो रुपये देऊन घेतलेली पात्रता एका कंपनीच्या एका विमानाला बांधलेली असते.

आणि दारं तरी किती? देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक इंडिगोकडे आहेत, उरलेल्यातला मोठा वाटा एअर इंडिया समूहाकडे. म्हणजे नोकरी देणारे मुख्यतः दोन. नोकरी बदलायची तर डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानं सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. २०२३ मध्ये आकासाचे वैमानिक नोटीस न पाळता निघून गेले, तेव्हा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. कंपनीची अडचण खरी होती, विमानं रद्द करावी लागत होती. तरी या व्यवस्थेतली एक विसंगती नजरेआड करता येत नाही. ज्याच्या शिक्षणावर कंपनीनं दमडी खर्च केली नाही, त्याला बांधून ठेवण्याचा हक्क तिला हवा असतो.

डिसेंबर २०२५ मध्ये हे सगळं प्रवाशांच्या अंगावर आलं. वैमानिकांच्या थकव्याबाबतचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोन. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला आणि महिन्याभरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळूनही पुरेसे वैमानिक नव्हते. कंपनीनं भरती रोखून धरली होती, असा आरोप फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्सनं केला. सरकारनं काय केलं? नियमांतून कंपनीला तात्पुरती सूट दिली. एकीकडे वैमानिक कमी म्हणून विमानतळांवर बॅगांचे डोंगर, आणि दुसरीकडे लायसन्स घेऊन घरी बसलेली मुलं. बाजार आपोआप सगळं जुळवतो असं मानणाऱ्यांनी त्या आठवड्याचं स्पष्टीकरण द्यावं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. खासगी इंजिनिअरिंगला, खासगी मेडिकलला लोक पैसे मोजतातच. वैमानिकाचा पगार काही वर्षांत बापाच्या आयुष्यभराच्या कमाईला मागे टाकतो. मग ज्याला फायदा त्यानं खर्च करावा, यात अन्याय कसला? उत्तर असं की मेडिकलला खासगीबरोबर सरकारी दारही आहे, इथे ते जवळजवळ नाही. दुसरं, या व्यवहारात जोखीम सगळी एका बाजूला आहे. कंपनी बुडाली, इंधन भडकलं, साथ आली, मेडिकलमध्ये रंगांधळेपणा निघाला, तर कर्ज उमेदवाराचंच राहतं. तिसरं सुरक्षेचं, आणि ते सर्वांत गंभीर. ज्याच्या डोक्यावर लाखाचा हप्ता आहे तो माणूस ‘मला आज थकवा आहे, मी उडणार नाही’ असं म्हणायला कचरतो. आणि ज्याला लायसन्स कसंही करून हवंच आहे, तो काय करू शकतो हे २०११ मध्ये दिसलं. त्या वर्षी जानेवारीत गोव्याच्या दाबोळी विमानतळावर इंडिगोचं विमान पुढच्या चाकावर आधी टेकवलं गेलं. चौकशीत त्या कॅप्टनच्या परीक्षेची गुणपत्रिका बनावट असल्याचं आढळलं आणि मग देशभरातली लायसन्स तपासण्याची मोहीम निघाली.

शिकवणाऱ्या संस्थांची तऱ्हाही बरी नाही. बारामतीजवळ ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच आठवड्यात एका संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं कोसळली आणि डीजीसीएनं तिची मान्यता स्थगित केली. २०२५ मध्ये डीजीसीएनं देशातल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी जाहीर केली, तेव्हा ‘अ’ श्रेणीत एकही संस्था बसली नाही. पन्नास लाख मोजणाऱ्या पालकानं हा कागद आधी पाहावा. त्याहून आधी मुलाची क्लास वन मेडिकल तपासणी करून घ्यावी. ती काही हजारांत होते आणि पुढचे लाखो वाचवू शकते.

धावपट्टीच नाही, असं मराठवाड्याला म्हणता येणार नाही. लातूरला १९९१ पासून धावपट्टी आहे, तिच्यावर नियमित प्रवासी विमान उतरत नाही. लातूर, नांदेड, धाराशिव, बारामती आणि यवतमाळ अशा पाच धावपट्ट्या २००९ मध्ये एकत्रच रिलायन्सच्या कंपनीकडे दीर्घ भाडेपट्ट्यानं गेल्या. त्यांतल्या बारामतीला उड्डाण प्रशिक्षण रुजलं, लातूर वाट पाहत राहिलं. निरभ्र आकाशाचे महिने, विरळ हवाई वाहतूक, सपाट मुलूख, प्रशिक्षणाला लागतं ते सगळं लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात आहे. आता अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडिया ३४ विमानांची, वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभारते आहे. विदर्भासाठी चांगली बातमी. फक्त धावपट्टी गावाजवळ आली म्हणून फी गावाच्या आवाक्यात येत नाही, हे बारामतीत दिसलंच आहे.

सरकारला हे जमतं, याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट राज्य सरकारनं १९७७ मध्ये काढली. दहावीनंतर परीक्षा घेऊन मुलं निवडायची आणि त्यांना एनडीएसाठी तयार करायचं, हे काम ती जवळजवळ अर्धं शतक करते आहे. तिथून एनडीएत आणि पुढे हवाई दलात गेलेल्या मुलाला उडायला शिकण्यासाठी घरचा रुपया लागत नाही. २०२३ मध्ये मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था निघाली. नागरी वैमानिकांसाठी मात्र तुकड्या तुकड्यांचे प्रयत्न आहेत. ‘महाज्योती’नं ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षणाची योजना आणली. कल्पना उत्तम होती. पण हा क्लब स्वतःच काही वर्षं उड्डाणांविना होता, आणि अशा एका क्लबच्या बळावर किती मुलं पुढे जाणार?

बाहेरचा एक दाखला उपयोगी पडेल. ब्रिटिश एअरवेजनं २०२३ मध्ये निवडलेल्या कॅडेटांचा संपूर्ण खर्च स्वतः करणारी ‘स्पीडबर्ड’ अकादमी सुरू केली. कारण सरळ होतं: श्रीमंत घरांपुरतीच निवड राहिली तर चांगले उमेदवार हातून जातात, हे कंपनीला कळलं. इंडिगो किंवा एअर इंडिया हे आपण होऊन करतील अशी आशा कुणी ठेवू नये. पण त्यांना करायला लावण्याचं साधन सरकारच्या हातात आहे आणि ते आधी वापरलेलंही आहे. ‘उडान’च्या तुटीची भरपाई करणारा निधी उभा राहिला तो मुख्य मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून. मुंबई–दिल्ली प्रवाशानं भरलेल्या पैशातून नांदेड–हैदराबादचं तिकीट स्वस्त झालं. त्याच रीतीनं प्रत्येक देशांतर्गत उड्डाणावर एक हजार रुपयांचा प्रशिक्षण आकार लावला तर काय होईल? १८० आसनांच्या विमानात दर आसनाला सहा रुपयांहून कमी. देशात दिवसाला सुमारे तीन हजार उड्डाणं होतात. म्हणजे दिवसाला तीस लाख, वर्षाला जवळपास ११० कोटी. प्रत्येकी ७० लाख धरले तर दरवर्षी दीडशेहून अधिक मुलामुलींचं सीपीएल आणि टाईप रेटिंग त्यातून पूर्ण होईल. विमानतळावरच्या चहाच्या किमतीत अशा वीसेक प्रवाशांचा आकार निघतो.

यात बारकावे आहेत. निवड कुणी करायची, हा पहिला. ती कंपन्यांवर सोडली तर मुलाखतीतल्या फाड्-फाड् इंग्रजीवर अडेल, आणि निव्वळ लेखी गुणांवर ठेवली तर पाठांतराला बक्षीस मिळेल. लेखी परीक्षेच्या जोडीला कौशल्य चाचणी आणि वैद्यकीय तपासणी, ही हवाई दलाची पद्धत या कामी जवळची आहे. शिकलेल्यानं ठरावीक वर्षं भारतीय कंपनीत काम करावं, अशी अट रास्त ठरेल, पण ती कुठल्या एका कंपनीला बांधणारी नसावी. कंपनी बुडाली तर रेटिंग बदलण्याचा खर्च त्याच निधीतून निघावा. निम्म्या जागा तरी छोट्या शहरांतल्या आणि ग्रामीण भागातल्या मुलांसाठी राखाव्यात, आणि प्रशिक्षण लातूरसारख्या रिकाम्या धावपट्ट्यांवर द्यावं.

असं झालंच, तर तिसऱ्या महिन्यात लातूरच्या शिकवण्यांनी भरलेल्या उद्योग भवन परिसरात ‘पायलट फाउंडेशन बॅच, मर्यादित जागा’ असे फलक झळकतील, दीडशे जागांसाठी पन्नास हजार मुलं सकाळी सहाला सायकली घेऊन निघतील, आणि त्या प्रकाराविरुद्ध आणखी एक लांबलचक लेख लिहावा लागेल.